मोनॅड म्हणजे सांधा : सोसायटीच्या बिलावर हात बसवत शिकायची पद्धत

मुलुंडमधल्या आमच्या ८४ फ्लॅटच्या सोसायटीचं मासिक बिल मी लिहिलेल्या प्रोग्रॅममधून निघतं. एका रविवारी ५०४ मधल्या आजी सोसायटीच्या ऑफिसात आल्या, पिशवीतून सात पावत्या काढल्या आणि टेबलावर एकाखाली एक मांडल्या. सातही वेळेवर भरलेल्या. तरी त्यांना ७,००० रुपयांच्या थकबाकीचं पत्र गेलं होतं. "अरे बाळा, मी एक महिना चुकवलेला नाही," एवढंच त्या म्हणाल्या.

चूक माझ्या कोडची होती. उपविधींप्रमाणे दुरुस्ती निधी फ्लॅटच्या बांधकाम खर्चावर वर्षाला किमान ०.७५ टक्के आणि सिंकिंग फंड किमान ०.२५ टक्के घेतात. त्यांच्या फ्लॅटचा खर्च १२ लाख धरलेला, म्हणजे महिन्याला ७५० अधिक २५०, एकूण १,००० रुपये. आजोबांच्या पश्चात फ्लॅट आजींच्या नावावर झाला तेव्हा नव्या नोंदीत बांधकाम खर्चाचा रकाना रिकामा राहिला. कोडने रिकाम्याला शून्य मानलं. शून्याचे पाऊण टक्के शून्यच. बिल नीट छापलं गेलं, आजींनी ते नीट भरलं, आणि सात महिने कोणाच्याच लक्षात आलं नाही.

मोनॅड ही प्रोग्रॅमिंगमधली फंक्शनं जोडायची कल्पना मी मनापासून शिकलो ती त्या रविवारनंतर, म्हणून हा लेख त्याच बिलाच्या आधाराने लिहितोय. गणिताची पार्श्वभूमी लागणार नाही. कागद-पेन मात्र जवळ ठेवा आणि खालचे तुकडे हाताने उतरवून बघा.

एक गोष्ट आधीच सांगतो. मोनॅडला बहुतेक ठिकाणी डबा म्हणतात: आत किंमत, वर झाकण. ही उपमा पहिले दहा मिनिटं कामाला येते आणि पुढे अडवते, कारण पुढे येणाऱ्या काही मोनॅडमध्ये डब्यात ठेवायला किंमतच तयार नसते. माझ्या मते मोनॅडकडे सांधा म्हणून बघावं. दोन फंक्शनं एकमेकांना थेट जुळत नाहीत, मध्ये काहीतरी जास्तीचं येतं, तेव्हा त्यांना जोडणारा सांधा कसा बसवायचा याचा ठरलेला नियम म्हणजे मोनॅड.

आधी टाइप खरे लिहा

कोडचे तुकडे हॅस्केल या फंक्शनल भाषेच्या वळणाचे आहेत, नावं मराठी केली आहेत. टाइप म्हणजे किंमत कोणत्या प्रकारची आहे ते: फ्लॅट, सदस्य, रुपये. बाणाच्या डावीकडे फंक्शनमध्ये काय जातं, उजवीकडे काय बाहेर येतं. माझं जुनं कोड असं होतं:

```
सदस्य_शोध  : फ्लॅट → सदस्य
नोंद_शोध   : सदस्य → नोंद
खर्च_वाच   : नोंद → रुपये
मासिक_निधी : रुपये → रुपये
```

यातल्या पहिल्या तीन ओळी खोटं बोलतात. फ्लॅटला सदस्य असेलच असं नाही, सदस्याची नोंद सापडेलच असं नाही, नोंदीत खर्च भरलेला असेलच असं नाही. चौथी ओळ तेवढी खरी: रुपये द्या, रुपये मिळतील. 'नल', म्हणजे 'इथे किंमत नाही' अशी खूण, ही सोय संगणकशास्त्रज्ञ टोनी होअर यांनी १९६५ मध्ये अल्गोल डब्ल्यू भाषेत आणली आणि २००९ मध्ये स्वतःच तिला आपली अब्ज डॉलरची चूक म्हटलं. आमच्याकडे ती ७,००० रुपयांना पडली.

खरं लिहायचं तर 'कदाचित' नावाचा टाइप हवा (उभी रेघ म्हणजे 'किंवा', आणि क म्हणजे कोणताही टाइप):

```
कदाचित क = काही_नाही | आहे क

सदस्य_शोध : फ्लॅट  → कदाचित सदस्य
नोंद_शोध  : सदस्य → कदाचित नोंद
खर्च_वाच  : नोंद   → कदाचित रुपये
```

एवढं लिहिल्यावर कंपायलर ओरडायला लागतो. ओरडू द्या. रिकाम्या रकान्याला शून्य मानायची वाट आता बंद झाली.

साधं फंक्शन आत चालवायचं : मॅप

हातात 'कदाचित रुपये' आहे आणि त्यावर मासिक_निधी चालवायचंय. त्या बिचाऱ्या फंक्शनला 'कदाचित' माहीतच नाही, आणि माहीत असायची गरजही नाही.

```
मॅप : (क → ख) → कदाचित क → कदाचित ख
मॅप फ काही_नाही = काही_नाही
मॅप फ (आहे क्ष)  = आहे (फ क्ष)
```

ज्या टाइपवर असं मॅप नीट चालतं तो फंक्टर. 'नीट' म्हणजे दोन नियम. काहीच न करणारं फंक्शन मॅप केलं तर काहीच बदलू नये. आणि दोन फंक्शनं एकामागोमाग दोनदा मॅप केली काय, किंवा आधी एकत्र जोडून एकदाच मॅप केली काय, उत्तर एकच यावं.

दुसरा नियम कागदी वाटतो, पण जावात तो प्रत्यक्ष मोडतो. जावा ८ मध्ये, २०१४ साली, 'ऑप्शनल' आला. त्याच्या मॅपला दिलेल्या फंक्शनने 'नल' परत केला तर ऑप्शनल मुकाट्याने रिकामा होतो. समजा पहिलं फंक्शन सदस्याचा मोबाइल नंबर देतं, नसेल तर 'नल'. दुसरं फंक्शन 'नल' आला तर 'नंबर दिलेला नाही' असा मजकूर देतं. दोन्ही आधी जोडून एकदा मॅप केलं तर मजकूर मिळतो. दोनदा मॅप केलं तर रिकामा ऑप्शनल मिळतो. कोणीतरी कोड 'सुटसुटीत' करायला एका मॅपचे दोन करतो आणि मजकूर गायब होतो. जावात काम करत असाल तर ऑप्शनलच्या आत 'नल' परत करणारं फंक्शन कधीच देऊ नका.

सांधा

आता खरी अडचण. सदस्य_शोधातून 'कदाचित सदस्य' आला. त्यावर नोंद_शोध मॅप केलं तर हातात येतं 'कदाचित (कदाचित नोंद)'. पुढे खर्च_वाच मॅप करायचं तर आणखी एक थर. दोन थरांचा एक थर करता आला पाहिजे, आणि 'कदाचित'च्या बाबतीत ते सोपं आहे: बाहेर काही नसेल तर काही नाही, बाहेर असून आत नसेल तरी काही नाही, दोन्हीकडे असेल तरच आहे. मॅप करणं आणि लगेच थर चपटा करणं या दोन्ही कामांना मिळून मी 'सांध' म्हणतो.

```
सांध : कदाचित क → (क → कदाचित ख) → कदाचित ख
सांध काही_नाही फ = काही_नाही
सांध (आहे क्ष)  फ = फ क्ष

नुसतं : क → कदाचित क
नुसतं क्ष = आहे क्ष
```

'नुसतं' म्हणजे जास्तीचं काही न चिकटवता किंमत तशीच्या तशी आत नेणं. सांध आणि नुसतं, एवढे दोन भाग आणि त्यांचे नियम मिळून मोनॅड होतो. भाषेगणिक नावं बदलतात: हॅस्केलमध्ये सांध हे >>= असं चिन्ह आहे, स्कालात फ्लॅटमॅप, सी शार्पमध्ये सिलेक्टमेनी, रस्टमध्ये अँड-देन. रस्टमधलं प्रश्नचिन्ह, जे २०१६ मध्ये १.१३ आवृत्तीत पक्कं झालं, तेही रोजच्या वापरात हेच काम करतं.

आजींचं बिल आता असं:

```
निधी फ्लॅट =
  मॅप मासिक_निधी
    (सांध (सांध (सदस्य_शोध फ्लॅट) नोंद_शोध) खर्च_वाच)
```

एकही 'जर-तर' नाही. रकाना रिकामा असेल तर उत्तर 'काही_नाही' येतं आणि ते बिलावर छापताच येत नाही, कारण छापणाऱ्या फंक्शनला रुपये हवेत.

तोच सांधा आणखी तीनदा बांधा

इथे थांबलात तर मोनॅड म्हणजे 'नल'वरचा उपाय एवढंच वाटेल. म्हणून हे पुढचे तीन स्वतः बांधा.

पहिला सोपा. 'काही_नाही' ऐवजी कारण सांगणारा टाइप घ्या: निकाल क = चूक कारण | ठीक क. सांध जवळजवळ तसंच राहतं. चूक आली की तीच पुढे ढकलायची. आमच्या सेक्रेटरी काकांना 'बिल निघालं नाही' यापेक्षा 'फ्लॅट ५०४: बांधकाम खर्चाचा रकाना रिकामा' हे वाचायला मिळालं की ते पाच मिनिटांत करारनामा काढून आकडा भरतात.

दुसऱ्यावर जास्त वेळ घालवा. सभेत नेहमी विचारतात, हा आकडा आला कुठून? म्हणून प्रत्येक फंक्शन किमतीसोबत नोंदवहीच्या ओळीही देतं:

```
नोंदवही क = (क, [ओळ])

सांध (क्ष, आधीच्या) फ =
    (य, नंतरच्या) = फ क्ष
    परत द्या (य, आधीच्या ++ नंतरच्या)

नुसतं क्ष = (क्ष, [])
```

इथे काहीच फसत नाही, काहीच गाळलं जात नाही. सांध्यात फक्त ओळी जुळतात (++ म्हणजे दोन याद्या एकामागे एक जोडणं). याद्या जोडताना कंस कुठे घातला याने फरक पडत नाही, आणि रिकामी यादी जोडली तर काही बदलत नाही. अशा रचनेला मोनॉइड म्हणतात. नोंदवही मोनॅड ठरते ती या यादीच्या भरवशावर. यादीच्या जागी रुपयांची बेरीज ठेवलीत तरी चालेल, कारण बेरीज आणि शून्य हाही मोनॉइडच. सरासरी मात्र ठेवू नका: १० आणि २० ची सरासरी १५, तिची ३० शी सरासरी २२.५; कंस सरकवून २० आणि ३० आधी घेतले तर २५, मग १० शी १७.५. सांधा डळमळतो.

तिसऱ्याशी डब्याची उपमा संपते. पावती क्रमांक एकामागोमाग यायला हवेत आणि ग्लोबल व्हेरिएबल नको.

```
स्थिती क = पावती_क्रमांक → (क, पावती_क्रमांक)

सांध पहिलं फ = \न →
    (क्ष, न१) = पहिलं न
    परत द्या (फ क्ष) न१

नुसतं क्ष = \न → (क्ष, न)
```

कोडमधलं \न → म्हणजे 'न घेऊन पुढचं उत्तर देणारं फंक्शन'. इथे आत किंमत नाहीच. जे आहे ते फंक्शन आहे: क्रमांक द्याल तेव्हा किंमत आणि पुढचा क्रमांक देईन असं सांगणारं. सांध दोन अशी फंक्शनं जोडून तिसरं तयार करतं, आणि पहिला क्रमांक हातात पडेपर्यंत काहीही घडत नाही. हा तुकडा कागदावर १०१ पासून दोन पावत्यांसाठी चालवून बघा. न१ ऐवजी चुकून न लिहिलंत तर दोन्ही पावत्यांवर १०१ येईल. ती चूक एकदा स्वतः केली की स्थिती मोनॅड विसरत नाही.

कॅटेगरी थिअरी कुठे आली?

मघापासून आपण तीच करतोय. सॅम्युअल आयलेनबर्ग आणि सॉन्डर्स मॅक लेन यांनी १९४५ च्या शोधनिबंधात ही भाषा मांडली. कॅटेगरी म्हणजे काही बिंदू, त्यांच्यातले बाण, बाण जोडायची रीत, आणि प्रत्येक बिंदूवर 'जागेवरच थांब' म्हणणारा एक बाण. मुलुंडहून कुर्ला, कुर्ल्याहून दादर, दादरला वेस्टर्नची गाडी बदलून अंधेरी. 'मुलुंड ते दादर' हा एक टप्पा धरून पुढे अंधेरी म्हणा, किंवा मुलुंड ते कुर्ला आणि मग 'कुर्ला ते अंधेरी' हा एक टप्पा म्हणा, पोहोचता अंधेरीलाच. कंस कुठेही घाला, जोड तीच. प्रोग्रॅमिंगमध्ये बिंदू म्हणजे टाइप आणि बाण म्हणजे फंक्शन.

आपली फंक्शनं मात्र 'क → कदाचित ख' अशी आहेत आणि ती साध्या रीतीने जुळत नाहीत. हाइनरिख क्लाइस्ली यांनी १९६५ मध्ये दाखवलं की मोनॅड असेल तर अशा बाणांचीही स्वतंत्र कॅटेगरी तयार होते:

```
(फ >=> ग) क्ष = सांध (फ क्ष) ग

नुसतं >=> फ = फ
फ >=> नुसतं = फ
(फ >=> ग) >=> ह = फ >=> (ग >=> ह)
```

मोनॅडचे तीन नियम म्हणजे या तीन ओळी. सांधच्या भाषेत लिहिले की ते विचित्र दिसतात; या रूपात ते लोकलच्या प्रवासाइतके साधे आहेत. आणि निधीचं फंक्शन आता 'सदस्य_शोध >=> नोंद_शोध >=> खर्च_वाच' एवढंच उरतं, शेवटी एक मॅप.

प्रोग्रॅमिंगमधल्या परिणामांना (इफेक्ट्स, म्हणजे चूक होणं, स्थिती बदलणं अशा किमतीपलीकडच्या गोष्टींना) मोनॅडचं रूप देता येतं हे युजेनिओ मोज्जी यांनी १९८९ मध्ये मांडलं. फिलिप वॉडलर यांनी ते फंक्शनल प्रोग्रॅमरच्या रोजच्या हत्यारांत आणलं, आणि १९९६ च्या हॅस्केल १.३ मध्ये इनपुट-आउटपुट मोनॅडवर उभं राहिलं. 'मोनॅड म्हणजे एन्डोफंक्टरच्या कॅटेगरीतला मोनॉइड' हे वाक्य अनेकांना घाबरवतं, पण त्याचे दोन्ही भाग तुम्ही वर लिहिलेत. एन्डोफंक्टर म्हणजे एका कॅटेगरीतून त्याच कॅटेगरीत नेणारा फंक्टर; 'कदाचित' टाइपवरून टाइपवरच नेतो, म्हणून तो तसाच. मोनॉइडला दोनाचं एक करणारी क्रिया आणि एक तटस्थ घटक लागतो. इथे जोडायचे आहेत ते थर: चपटं करणं दोन थरांचा एक थर करतं, आणि 'नुसतं' शून्य थरांवरून एका थरावर नेतं.

नियम तपासा, नाहीतर ते तुमच्याकडे येतील

माझ्या पहिल्या नोंदवहीत 'नुसतं' रिकाम्या यादीऐवजी 'हिशेब सुरू' अशी ओळ टाकत असे. वाचायला बरं वाटायचं. पुढे मी मधली दोन फंक्शनं काढून 'खर्च_मिळव' असं वेगळं फंक्शन केलं, त्याच्या सुरुवातीला एक 'नुसतं' आलं, आणि एकाच फ्लॅटच्या नोंदवहीत 'हिशेब सुरू' तीनदा दिसायला लागलं. पहिला नियम मोडला होता. रोजच्या कामात या नियमांचा उपयोग हाच: ते पाळले असतील तर तुकडे काढा, नावं द्या, पुन्हा जोडा, अर्थ बदलत नाही.

तपासायला क्विकचेकसारखं साधन वापरा. कोएन क्लासेन आणि जॉन ह्यूज यांनी ते २००० मध्ये मांडलं आणि आता बहुतेक भाषांत त्याची भावंडं आहेत. आपोआप तयार केलेल्या शेकडो किमतींवर मोनॅडच्या नियमांच्या त्या तीन ओळी चालवायच्या. जावास्क्रिप्टमध्ये असाल तर हे लक्षात ठेवा: प्रॉमिस म्हणजे नंतर मिळणाऱ्या किमतीचं आश्वासन, आणि त्याचं 'देन' आतला प्रॉमिस स्वतःहून चपटा करतं, त्यामुळे प्रॉमिसचा प्रॉमिस असं काही उरतच नाही आणि किंमत स्वतःच प्रॉमिस असेल तिथे पहिला नियम लागू पडत नाही. रोजच्या कामात अडत नाही, पण सगळ्या टाइपवर चालेल असं सामायिक कोड लिहिताना अडतं.

मोनॅड कुठे नको

भाडेकरू ठेवायचा तर आमच्याकडे अर्ज भरावा लागतो: नोंदणीकृत भाडेकरार, पोलीस पडताळणी, गाडीचा नंबर. मी हे तिन्ही 'निकाल'च्या सांध्याने जोडले. मग व्हायचं असं: माणूस आला, करार अपुरा म्हणून परत गेला. करार आणला, तर पडताळणी नाही म्हणून परत. तीही आणली, तर गाडीचा नंबर चुकलेला. तीन हेलपाटे, आणि तिन्ही माझ्या कोडमुळे.

सांध्याचा स्वभावच तसा आहे. दुसरं फंक्शन चालवायला पहिल्याची किंमत लागते. पहिलं फसलं तर दुसरं चालवताच येत नाही, मग त्याची चूक कळणार कशी? अशा जागी अप्लिकेटिव्ह फंक्टर हवा, ज्याची मांडणी कॉनर मॅकब्राइड आणि रॉस पॅटरसन यांनी २००८ मध्ये केली. त्यात तिन्ही तपासण्या स्वतंत्रपणे चालतात आणि चुकांच्या याद्या एकत्र जुळतात:

```
दोन्ही (चूक अ) (चूक ब) = चूक (अ ++ ब)
दोन्ही (चूक अ) (ठीक य) = चूक अ
दोन्ही (ठीक क्ष) (चूक ब) = चूक ब
दोन्ही (ठीक क्ष) (ठीक य) = ठीक (क्ष, य)
```

कुठे काय वापरायचं हे ठरवताना मी एकच प्रश्न विचारतो: पुढच्या पायरीला आधीच्या पायरीचं उत्तर लागतं का? अर्जातल्या तपासण्यांना लागत नाही, तिथे अप्लिकेटिव्ह. बिनभोगवटा शुल्काला, म्हणजे मालक स्वतः न राहता फ्लॅट भाड्याने देतो तेव्हाच्या शुल्काला, लागतं. आधी फ्लॅट भाड्याने दिलाय का ते कळलं पाहिजे, मगच सेवा शुल्काच्या १० टक्क्यांपर्यंतचं ते शुल्क लावायचं की नाही हे ठरतं. तिथे सांधाच हवा. अर्जाचं कोड बदलल्यापासून अर्जदाराला सगळ्या त्रुटी एकाच कागदावर मिळतात.

दोन मोनॅड एकत्र आले की

मला चुकाही हव्या होत्या आणि नोंदवहीही. दोन फंक्टर एकात एक ठेवले की फंक्टरच मिळतो. मोनॅडचं तसं नाही, एकात एक ठेवलेले कोणतेही दोन मोनॅड मिळून मोनॅड होईलच याची खात्री नसते. म्हणून मोनॅड ट्रान्सफॉर्मर वापरतात: एका मोनॅडचा सांधा माहीत असलेला टाइप, जो दुसऱ्यावर चढवता येतो. पण थरांचा क्रम विचार करून ठरवा.

```
पर्याय १ : निकाल (क, [ओळ])
पर्याय २ : (निकाल क, [ओळ])
```

पहिल्यात चूक आली की नोंदवहीही गेली. उरतं फक्त कारण. दुसऱ्यात चूक झाली तरी तोवरच्या ओळी हातात राहतात. पैसे कापले जाण्याआधी सगळं रद्द करायचं असेल तिथे पहिला ठीक. आम्हाला दुसरा हवा होता, कारण काकांना 'सदस्य सापडला, नोंद सापडली, खर्च नाही' असा माग दिसला की कुठली फाइल काढायची ते कळतं.

नवं कोड पहिल्यांदा ८४ फ्लॅटवर चालवलं तेव्हा ८१ बिलं निघाली आणि ३ चुका. एक ५०४ ची, जुन्या डेटाची प्रत वापरल्यामुळे अपेक्षितच. बाकी दोघांचे रकानेही तसेच रिकामे होते, एकाचा दोन महिन्यांपासून, एकाचा चारपासून. थकबाकीचं पत्र पाठवण्याआधी काका त्या दोघांच्या घरी गेले, नोंदवहीचे कागद दाखवले आणि रक्कम हप्त्याने भरायचं ठरवून आले. आजींचे ७,००० रुपयेही समितीने सात हप्त्यांत घेतले, व्याज न लावता.